कलम १७५ : उत्पत्तीचा वाद आणि न्यायाचा प्रश्न



समलिंगी आकर्षण जन्मजात की परिस्थितिजन्य, हा वाद जर्मनीत फौजदारी कायद्याच्या छायेत वाढला. १८७१ च्या दंडसंहितेतील कलम १७५ ने पुरुषांमधील असे संबंध गुन्हा ठरविले होते. त्याविरुद्ध १८९७ साली बर्लिनमध्ये डॉ. मॅग्नुस हिर्शफेल्ड यांनी वैज्ञानिक-मानवतावादी समिती स्थापन केली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : वृत्ती निसर्गदत्त आहे, मग शिक्षा कशाची?

१३ जानेवारी १८९८ रोजी ऑगस्ट बेबेल यांनी राईशस्टागमध्ये समितीच्या अर्जाची बाजू घेतली. त्यांनी बोट ठेवले ते वेगळ्याच जागी. या कलमात सापडणारे लोक समाजाच्या सर्व थरांत इतके आहेत की पोलिसांनी खरोखर कर्तव्य बजावले तर तुरुंग अपुरे पडतील, असे त्यांनी सुनावले. समाजवादी नेत्याला शोभणारेच हे भाषण होते.

जन्मजाततेचा आधार मात्र दुधारी ठरला. व्हिएन्नाचे संशोधक श्टाइनाख यांनी ग्रंथिरोपणाने ही वृत्ती ‘बरी’ करण्याचे प्रयोग चालविले आणि खुद्द हिर्शफेल्ड काही काळ त्यांकडे आशेने पाहत होते. दोष शरीरात असेल तर शरीरच बदला, असा हा तर्क. ६ मे १९३३ रोजी नाझींनी हिर्शफेल्ड यांची संस्था लुटली. चार दिवसांनी तिचे ग्रंथ जाळले. १९३५ मध्ये कलम अधिक कठोर झाले. हजारोंच्या छातीवर छळछावणीत गुलाबी त्रिकोण चढला आणि १९४४ मध्ये बुखेनवाल्डमध्ये एका डॅनिश डॉक्टरने कैद्यांच्या शरीरात संप्रेरके रोवली.

कम्युनिस्ट चळवळीचे पानही येथे झाकता येत नाही. १९२२ च्या सोविएत रशियन दंडसंहितेत हा गुन्हाच नव्हता. १९३४ मध्ये तो परतला, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेसह. येथे कारणमीमांसा उलटी होती : वृत्ती निसर्गाची नव्हे, भांडवली अधःपाताची. गॉर्कींनी तर तिचे नाते फॅसिझमशी जोडले, तेही फॅसिस्ट याच माणसांना तुरुंगात कोंबत असताना! मॉस्कोत काम करणारे ब्रिटिश कम्युनिस्ट हॅरी व्हाइट यांनी स्टालिनला पत्र लिहून विचारले : समलिंगी माणूस पक्षाचा सभासद होण्यास पात्र आहे काय? पत्रावर शेरा पडला तो शिवीचा आणि दप्तरी दाखल करण्याचा.

म्हणजे निसर्ग म्हणा वा समाज, शिक्षा देणाऱ्याला दोन्ही सिद्धान्त चालले. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख व्यक्तींच्या जनुकीय अभ्यासातही असे एकच निर्णायक जनुक आढळले नाही. पण पूर्व जर्मनीने १९६८ मध्ये आणि पश्चिम जर्मनीने १९६९ मध्ये प्रौढांवरील बंदी उठविली, ती अशा कोणत्याही शोधाची वाट न पाहता. कलम १७५ पूर्णतः गेले ते १९९४ मध्ये.

भारतात १८६० च्या वसाहती दंडसंहितेतील कलम ३७७ ची भाषाच ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ अशी होती. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. अशा जोडप्यांच्या विवाहास मान्यता देण्यास मात्र त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.