दुपारच्या मालिका : एक ऋणनिर्देश

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, महिला शाखेच्या सभेपुढे, सोलापूर येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थ्यांची सोय, काटकसर अशा गंभीर विषयांवर पुष्कळ भाषणे झाली. त्यांपैकी काही आम्हीच केली आहेत, आणि ती ऐकताना आपणांस आलेली डुलकीही आम्ही येथूनच पाहिली आहे. आज आम्ही निवडलेला विषय ऐकून मात्र आमच्या काही वृद्ध स्नेह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दूरचित्रवाणीवरील दुपारच्या मालिका हा काय ज्ञातिसभेत बोलण्याचा विषय, असे त्यांचे म्हणणे. आमची विनंती एवढीच, की त्यांनी शेवटपर्यंत बसावे. या विषयाशी आमचा एक जुना हिशेब आहे, आणि तो याच सभेपुढे चुकता करावयाचा आहे.

प्रथम या प्रकाराचे कुळ पाहू. रोज थोडीथोडी पुढे सरकणारी घरगुती कथा ही कल्पना आकाशवाणीच्या युगातली, आणि ती अमेरिकेत रुजली. १९३३ साली तेथे 'मा पर्किन्स' नावाची श्राव्यमालिका सुरू झाली. तिचा खर्च प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी आपल्या धुण्याच्या साबणचुऱ्यासाठी करीत असे. घरधनी कामावर, मुले शाळेत, आणि गृहिणी घरात एकटी, ही वेळ व्यापाऱ्याने अचूक हेरली. म्हणूनच या कथांना 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणाची संगीतिका, असे थट्टेचे नाव पडले. थट्टा झाली तरी कथा टिकली. 'गायडिंग लाइट' ही मालिका १९३७ साली आकाशवाणीवर सुरू झाली, १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ साली संपली; बहात्तर वर्षे ती चालली. हेलन वॅग्नर या अभिनेत्रीने 'अॅज द वर्ल्ड टर्न्स' या मालिकेत १९५६ पासून २०१० पर्यंत, मधले काही खंड वगळता, एकाच गृहिणीची भूमिका केली. १९६३ च्या नोव्हेंबरात याच मालिकेचा भाग चालू असता मध्येच तो थांबवून राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्याची वार्ता देण्यात आली. राष्ट्रावरील आघात कित्येक अमेरिकन स्त्रियांना प्रथम कळला तो असा, दुपारची कथा ऐकता पाहता.

आपल्याकडे हा ओघ प्रथम आकाशवाणीतूनच आला. आमच्या पिढीच्या घरांत दुपारचे 'वनिता मंडळ' लागे. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'ने तर घरोघर जणू एक शेजार निर्माण केला. त्यातील पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. नीलमबाई पुढे संगीतकार यशवंत देव यांच्या पत्नी करुणा देव म्हणून ओळखल्या गेल्या. कुडतरकर २०२० साली, शंभरीला पोचता पोचता, निवर्तले. या मंडळींचे चेहरे आम्ही कधी पाहिले नाहीत. सोलापुरात त्यांचा आवाज कधी स्वच्छ येई, कधी खरखरीतून गाळून घ्यावा लागे. तरीही रस्त्यात भेटते तर ओळखले असते, असे वाटे.

१९६४ साली आमच्या वडीलबंधूंचे लग्न होऊन वहिनी या घरी आल्या. आम्ही तेव्हा सोळा वर्षांचे, शाळा सुटताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांचे डोके खाणारे. त्यांनी आम्हांस नाव ठेवले, 'टेकाडे भावजी'. पुढे आमचे केस पिकले, तरी त्यांच्या तोंडी ते नाव राहिले. हे नाव आपण ध्यानात ठेवावे.

आता सोलापूरची दुपार. जिने वैशाखातली आमची दुपार पाहिली नाही त्या भगिनीस तिची कल्पना यावयाची नाही. रस्ता ओस, पत्रा तापलेला, अंगणात पाय ठेववत नाही. पाणी येण्याच्या वेळेस उठून ते भरायचे, डबे करायचे, भाकऱ्या थापायच्या, धुणीभांडी उरकायची, आणि मग कोठे दोन घटका मोकळ्या. त्याही रिकाम्या नसत. कोणी विड्या वळी, कोणी चटणीसाठी भाजलेल्या शेंगा सोली, कोणी वाती करी. ही सारी कामे हातांची. त्यांना डोळे लागत नाहीत. डोळे मोकळे आणि हात गुंतलेले अशा या वेळी दूरचित्रवाणी घरात आली.

१९८४ साली 'हम लोग' आली. ती रात्रीची, सर्व कुटुंबाची. दुपार स्त्रियांच्या नावे झाली ती पुढील दशकात. १९९४ साली दूरदर्शनवर 'शांती' सुरू झाली. मंदिरा बेदी यांनी रंगविलेली ती तरुण लेखिका दोन बड्या चित्रपटवाल्यांच्या वाड्यात शिरून सत्याचा ठाव घेत असे. पुढील वर्षी 'स्वाभिमान' आली, आणि रोहित रॉय व किटू गिडवानी ही नावे आमच्या गल्लीत नातलगांसारखी घेतली जाऊ लागली. परंतु ती वाडे-हवेल्यांतली हिंदी माणसे. आमच्या बायकांची खरी गट्टी जमली ती सह्याद्री वाहिनीवरील 'दामिनी'शी. मराठवाड्याच्या नाट्यचळवळीतून पुढे आलेल्या प्रतीक्षा लोणकर यांनी ही वृत्तपत्रात काम करणारी निर्भय स्त्री उभी केली. ती मराठी बोले, साधी साडी नेसे, आणि समोरच्याच्या डोळ्यांस डोळा देऊन प्रश्न विचारी. 'दामिनी'च्या वेळेस गल्लीतले शिवणयंत्र थांबे, आणि ज्यांच्याकडे संच नव्हता त्या भगिनी सुपासकट शेजारी जात.

आम्ही त्या काळी या संस्थेचे चिटणीस होतो. महिला शाखेची सभा आम्ही दुपारी चार वाजता ठेवीत असू, कारण ती वेळ आम्हांस सोयीची. सभेस पाच-सहा जणी येत. त्या वर्षीच्या अहवालात आम्ही एक परिच्छेद लिहिला, त्याचा आशय असा, की आपल्या भगिनींस ज्ञातिकार्यापेक्षा पडद्यावरील खोट्या बायकांची आसवे अधिक प्रिय झाली आहेत. तो वाचून सभागृहातील पुरुष हसले. घरी वहिनींनीही तो वाचला. त्या हसल्या नाहीत, बोललाही नाहीत.

वडीलबंधू १९८८ सालीच वारले होते. वहिनी मुलीसह आमच्यातच, वाड्याच्या मागील दोन खोल्यांत राहत. १९९९ साली वाड्याचे कागद करावयाचे ठरले. आम्हा भावांच्या मते, वहिनींना आम्ही सांभाळतोच आहोत, तर त्यांचे नाव कागदावर ठेवून गुंतागुंत कशास वाढवावी? आम्ही हक्कसोडपत्र तयार करविले आणि एका दुपारी ते घेऊन मागील खोलीत गेलो. मालिका नुकतीच संपली होती. वहिनींच्या पुढ्यात शेंगांचे सूप होते. आम्ही म्हटले, "येथे सही करा, वहिनी, नेहमीचेच आहे."

त्यांनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, "भाऊजी, आधी सगळे वाचून दाखवा. ती दामिनी कागद वाचल्याशिवाय बोलत नाही. मी तर सही करायची आहे."

त्या दिवशी 'टेकाडे' हा शब्द नव्हता, नुसते 'भाऊजी'. आम्ही वाचू लागलो. "मी माझा सर्व हक्क, हितसंबंध स्वखुशीने सोडीत आहे" येथवर आलो आणि आमचा स्वर उतरला. त्या शब्दांचा अर्थ आम्ही स्वतःही तोवर कानांनी ऐकला नव्हता. त्यांनी विचारले, "माझ्या मुलीचे काय?" उत्तर आमच्यापाशी नव्हते. कागद तसाच परत आणला.

आमच्या मनात त्या वेळी पश्चात्ताप नव्हता. संताप होता, आणि तो वहिनींवर नसून मालिकेवर होता. घराघरांत या पेटीने कलह आणला, असे आम्ही चारचौघांत म्हणूनही दाखविले. पुढे दोन वर्षांनी कागद नव्याने झाले आणि मागील दोन खोल्या वहिनींच्या नावे लागल्या. त्यांतील एकीवर कर्ज काढून त्यांची मुलगी शिकली, आणि आज ती स्वतःच्या पायांवर उभी आहे. कागद झाले त्या संध्याकाळी वहिनींनी हाक मारली, "टेकाडे भावजी, चहा घ्या." अकरा वर्षांमागे त्या गेल्या. जे आज येथे सांगितले ते त्यांच्यासमोर बोलण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

मालिकांत दोष नव्हते असे आमचे म्हणणे नाही. कथा संपली तरी मालिका संपत नसे. खाजगी वाहिन्या आल्यावर तर संध्याकाळची मालिका दुपारी पुन्हा दिसू लागली. 'चार दिवस सासूचे' ही २००१ साली सुरू झालेली मालिका २०१३ सालापर्यंत चालली. नावातले चार दिवस अकरा वर्षांहून अधिक लांबले. त्या घरांत कोणी विडी वळताना, चादरीची घडी घालताना, पाण्याची घागर उचलताना क्वचितच दिसे. तथापि कलावंतांनी कथेची उणीव पुष्कळदा भरून काढली. 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा साकार करून ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळविणाऱ्या रोहिणी हट्टंगडी 'चार दिवस सासूचे'मध्ये आशालता देशमुख झाल्या, आणि कविता लाड यांच्या अनुराधेशी त्यांचा सामना पाहताना सासवा आणि सुना एकाच सतरंजीवर बसत. १९९९ साली आलेल्या 'आभाळमाया'त सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी नवऱ्याची चूक पाहूनही स्वतः मोडली नाही. सुधेने घर सोडावे की सोडू नये, यावर आमच्या गल्लीत जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या कोणत्याही ठरावावर झाली नाही. स्वतःच्या घरातले बोलता येत नव्हते, म्हणून बायका सुधेच्या घरातले बोलत. हे आम्हांस फार उशिरा उमगले.

आणि एक कलावती तर याच मातीची. शशिकला जवळकर यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला. वडिलांच्या व्यापारास उतरती कळा लागल्यावर कुटुंब मुंबईस गेले, आणि लहान वयातच ही मुलगी चित्रपटांच्या दारी उभी राहिली. 'आरती' आणि 'गुमराह' यांतील कामांबद्दल तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. खाष्ट, कावेबाज स्त्री तिने अशी रंगविली, की प्रेक्षक तिचा खराच राग करीत. मध्यंतरी चित्रपट सोडून तिने मदर तेरेसा यांच्या संस्थेत रुग्णांची सेवा केली. परतल्यावर 'सोनपरी'सारख्या मालिकांतून ती आमच्या नातवंडांपुढे वडीलधारी म्हणून आली. २००७ साली पद्मश्री, २०२१ साली निधन. पडद्यावर दुष्ट दिसणारी स्त्री घरी कशी असेल, हे पडद्यावरून ठरवू नये, हा धडा सोलापूरच्या या लेकीने दिला. पडद्यापुढे बसलेल्या स्त्रीविषयीही तोच धडा आम्ही घ्यावयास हवा होता.

तो काळ आता सरला. भारनियमनाच्या दिवसांत, २००५ च्या पुढेमागे, एका गल्लीतली वीज गेली की बायका दुसऱ्या गल्लीत जाऊन भाग पाहत. वीज जाण्याचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असे. आता प्रत्येकीच्या हातात भ्रमणध्वनी आहे आणि जी ती आपल्या सवडीने, एकटी पाहते. कथा मिळते, पण "आता काय होईल गं?" असे विचारावयास शेजारी कोणी नसते.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली ही, की महिला शाखेच्या सभेची वेळ ठरविताना ती यापुढे भगिनींना विचारून ठरवावी. दुसरी ही, की आमच्या चिटणीसपदाच्या काळात त्या अहवालात जो परिच्छेद छापला गेला, तो आम्ही आज मागे घेत आहोत; तशी नोंद या सभेच्या वृत्तांतात व्हावी, आणि नोंद करणाऱ्या भगिनीने ती आम्हांस येथेच वाचून दाखवावी. ऐकल्यावाचून आम्ही सही करणार नाही.