पोटावर पाय

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोल्हारच्या स्टँडवर सकाळी वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरतात. नगर-मनमाड रस्त्यावरचं गाव असल्यामुळे पेपरांना तोटा नाही. चहाच्या टपरीवर एक पेपर चार जण वाटून वाचतात, अग्रलेखाचं पान शेवटी उरतं, ते माझ्या वाट्याला येतं. उर्दू पेपर मात्र आमच्याकडे येत नाही. मोहल्ल्यात उर्दू सहज वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, तेही बहुतेक साठीच्या पुढचे. मी मराठी शाळेत शिकलो, बी. ए. मराठी घेऊनच झालो, कविता मराठीत लिहितो. उर्दू अक्षरं लावत लावत वाचतो. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत त्याचा संबंध आहे.

२०१५ च्या जानेवारीतली गोष्ट. ७ तारखेला पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकावर हल्ला झाला, बारा माणसं मारली गेली. त्यानंतर १७ जानेवारीला मुंबईच्या 'अवधनामा' या उर्दू दैनिकानं त्या साप्ताहिकाचं एक मुखपृष्ठ पहिल्या पानावर छापलं. मूळ पेपर लखनौचा, त्याच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक होत्या शिरीन दळवी. उर्दू दैनिकाच्या संपादकाच्या खुर्चीत बाई बसलेली आपल्याकडे क्वचितच दिसते. गहजब झाला. भावना दुखावण्याचा हेतू नव्हता, असं सांगून शिरीनबाईंनी लगेच माफी मागितली, पेपरात छापली. तरी वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत तक्रारी दाखल होत राहिल्या. २८ जानेवारीला मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली, जामीन मिळाला. पण त्याच्या आधीच मुंबई आवृत्ती बंद झाली होती. त्यांची नोकरी गेली, आणि त्यांच्याबरोबर तिथं काम करणाऱ्या इतरांचीही गेली. त्या बाईंना घर सोडून राहावं लागलं, एरवी बुरखा न वापरणाऱ्या बाईंना ओळख लपवायला बुरखा घालून फिरावं लागलं.

आता माझा भाग. त्या दिवसांत आमच्याकडची काही मुलं एक निवेदन घेऊन घरी आली. संपादकावर कडक कारवाई व्हावी, अशी मागणी होती. मजकूर मराठीत होता, आणि ऱ्हस्व-दीर्घ बघायला म्हणून कागद माझ्याकडे आणला होता. मी दोन वेलांट्या नीट केल्या आणि खाली सही केली. चित्र मी पाहिलं नव्हतं. पेपर पाहिला नव्हता. पण चित्राविषयी ऐकूनच मन दुखलं होतं, ते खरं होतं, आजही खरं आहे. मुलं गेल्यावर बायको आतून म्हणाली, "तुम देखे क्या वो पेपर?" मी म्हणालो, नाही. ती पुढे काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं, असं मला नंतर फार वाटलं. असो.

तो कागद कुठे पोहोचला, पोहोचला तरी का, मला माहीत नाही. माझ्या सहीनं काही त्यांची नोकरी गेली नाही. पण सही करताना माझ्या मनात काय होतं, ते मला ठाऊक आहे. एका बाईच्या पोटावर पाय पडावा, असं मी त्या क्षणी मागत होतो.

अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला तुरुंग आठवतो. लोकमान्यांचा मंडाले आठवतो, आणीबाणीतला सेन्सॉर आठवतो. आपल्या राज्यघटनेचा एकोणिसावा अनुच्छेदही मुख्यतः सरकारकडे बोट दाखवून लिहिला आहे. बोलण्याचा हक्क दिला आणि सरकारनं तो कुठल्या कारणांनी आवळायचा, ती कारणं मोजून आठ सांगितली. देशाचं सार्वभौमत्व, सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. 'भावना दुखावणं' हे त्या यादीत नाही. ते आलं इंग्रजांच्या दंडसंहितेतून, १९२७ साली घातलेल्या २९५-अ कलमातून. आज ते कलम भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकानं बसलं आहे. पण त्या कलमालाही एक अट आहे. दुखावण्याचा प्रकार जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं झाला पाहिजे. म्हणजे कोर्टाला हेतू विचारावा लागतो, पुरावा लागतो, बाजू ऐकावी लागते. नोकरी घेणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. महिनाअखेरीला हिशेब देऊन तो मोकळा होतो.

ही गोष्ट आजची नाही. 'केसरी' १८८१ साली निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर. बालविवाह, विधवांची स्थिती यांवर ते लिहू लागले आणि सहकाऱ्यांशी, विशेषतः टिळकांशी, मतभेद विकोपाला गेले. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. सनातनी मंडळींनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढल्याचं आपण शाळेत वाचतो. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. आगरकरांचं संपादकपद गेलं, तरी शिकवण्याचं काम राहिलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य होते. १८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यही झाले. पगार बेताचा, प्रकृती दम्यानं पोखरलेली, तरी घरची चूल 'सुधारक'च्या वर्गणीदारांवर किंवा त्यांच्या रागावर अवलंबून नव्हती. आगरकरांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण धैर्याला भाकरीचा आधार असेल, तर ते जास्त दिवस टिकतं. शिरीनबाईंची बोलण्याची जागा आणि भाकरी, दोन्ही एकाच ताटात होती.

टीव्हीच्या जमान्यात तर दोन्ही एकाच ताटात असतात. निखिल वागळे यांच्याबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. मलाही त्यांचं सगळं पटत नाही, आवाज तर फारच मोठा. पण 'महानगर'च्या दिवसांपासून त्यांच्यावर आणि त्यांच्या कचेरीवर किती वेळा हल्ले झाले! २० नोव्हेंबर २००९ ला शिवसैनिकांनी 'आयबीएन-लोकमत'ची कचेरी फोडली. त्यानंतरही हा माणूस पडद्यावर येऊन बोलत होता. आणि २०१७ च्या जुलैत 'टीव्ही-नाईन मराठी'वरचा त्यांचा 'सडेतोड' हा कार्यक्रम एकाएकी बंद झाला. आपल्याला थांबायला सांगण्यात आलं, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. दगड पडले की बातमी होते, निषेधाच्या सभा होतात. कार्यक्रम बंद झाला की त्या वेळेला दुसरा कार्यक्रम लागतो. आपणही तो बघतो.

कधी माणूस राहतो आणि शब्द जातात. २०१६ च्या मार्चमध्ये 'लोकसत्ता'नं मदर तेरेसा यांना संतपद देण्याच्या निमित्तानं 'असंतांचे संत' हा अग्रलेख लिहिला. दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला, दिलगिरी छापली. त्या अग्रलेखानं ख्रिस्ती बांधव दुखावले होते, त्यांचं दुखणं मला कळतं. नगर जिल्ह्यात आमच्या आसपास ख्रिस्ती वस्त्या आहेत, मिशनच्या शाळांत आणि दवाखान्यांत आमच्याही घरातली माणसं गेलेली आहेत. पण वाचक म्हणून माझी पंचाईत झाली. त्या लेखात चूक नेमकी कुठली होती? माहितीची, की सुराची? ते कुणी सांगितलंच नाही. टपरीवर आम्ही त्यावर अर्धा तास वाद घातला होता. दुसऱ्या दिवशी त्या वादालाच बूड राहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग मालकानं कुणालाच काढायचं नाही का? पेपर त्याचा, कागद त्याचा, कुणाचं काय छापायचं हे ठरवायचं स्वातंत्र्य त्यालाही आहे. बरोबर आहे. आणि 'अमक्या वस्तीत घुसा', 'तमक्यांच्या दुकानातून माल घेऊ नका' असं रोज संध्याकाळी सांगणारा माणूस खुर्चीतून उठवला, तर मी त्याच्यासाठी अश्रू ढाळणार नाही. चिथावणी आणि मत यांत फरक आहे आणि तो बहुतेक वेळा कुणालाही कळतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की काढताना कारण सांगा. लेखी सांगा. त्या माणसाचं उत्तर त्याच जागी छापा. पुष्कळदा गर्दी दारात आली म्हणून माणूस जातो, आणि नाव मात्र धोरणाचं दिलं जातं.

हे मी स्वतःवरूनही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका छोट्या साप्ताहिकात माझं सदर होतं. एका लेखाला दीडशे रुपये मिळत. तोंडी तलाकवर एक लेख लिहिला. आमच्यातल्याच चार मोठ्या माणसांनी संपादकांना गाठलं. संपादकांचा फोन आला, "भाई, पुढच्या आठवड्यापासून जागा नाही हो. जाहिराती वाढल्यात." पुढचे अंक मी मुद्दाम पाहिले. माझ्या जागी राशिभविष्य आलं होतं. दीडशे रुपयांनी घर चालत नव्हतं, पण मुलीच्या क्लासची फी त्यातून जात होती. ती तीन महिने थकली. एवढं स्वतः भोगलेला माणूस मी, आणि २०१५ साली मीच त्या निवेदनावर सही केली. याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

शिरीनबाई पुढे गप्प बसल्या नाहीत. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी राज्य उर्दू साहित्य अकादमीचा आपला पुरस्कार परत केला. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या मोबाइलांवर त्यांचा फोटो कौतुकानं फिरला. चार-पाच वर्षांपूर्वीची बाई हीच, हे कुणाच्या लक्षात होतं की नाही, देव जाणे. मी कुणाला सांगितलं नाही. मलाही लाज वाटत होती.

गेल्या वर्षी पुन्हा तीन मुलं आली. नवी पोरं, कॉलेजातली. एका वाहिनीवरचा एक भाष्यकार मुसलमानांबद्दल काहीबाही बोलला होता, त्याला काढून टाका, असं निवेदन होतं. "चाचा, तुमची सही पहिली पाहिजे." या वेळी मी त्यांना तो कार्यक्रम मोबाइलवर लावायला सांगितला. सगळे मिळून शेवटपर्यंत बघितला. बोलणं कडू होतं, अर्धवट माहितीचं होतं, पण कुणाला मारा-झोडा असं त्यात नव्हतं. मी म्हणालो, "सही करत नाही. याला उत्तर लिहून आणा, मराठी मी तपासून देतो." मुलं नाराज झाली. एक जण जाता जाता पुटपुटला, "चाचा अब डर गये." मला ते ऐकू आलं.

त्यातला एक मुलगा दोन दिवसांनी परत आला. वहीची चार पानं भरून आणली होती. साडेतीन पानं नुसता राग होता, अर्ध्या पानात मुद्दे होते. त्या अर्ध्या पानाचं आम्ही दोघांनी बसून पाऊण पान केलं, वक्फच्या जमिनीबद्दलची त्याची एक चूक दुरुस्त केली, आणि वाहिनीच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचपावती आली आहे. उत्तर आलेलं नाही. मुलगा अधूनमधून स्टँडवर भेटतो आणि विचारतो, "चाचा, काही आलं का?"