मातीवरची साक्ष

वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे. महादेवाच्या दर्शनास जाणारी माणसे ओढे ओलांडीत ती वाट चढतात. परंतु त्याच वाटेने रात्री कोण जाऊन आले, याचा पत्ता बहुतेकांना लागत नाही. वास्तविक त्या निशाचरांनी आपली सही मातीवर ठेवलेलीच असते. ती वाचण्याची विद्या म्हणजेच माग काढणे होय.

दक्षिणेचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारे हे रान २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. येथे माग पाहावयाचा तो पावसाळा उलटल्यावर, ओढ्याकाठच्या ओलसर मातीत किंवा वाटेवरच्या धुळीत. आणि तोही सकाळी. तेव्हा ऊन तिरपे असल्यामुळे ठशाच्या कडांना सावली पडते व बारीक रेषाही उठून दिसतात. माध्यान्ही तोच ठसा पुसल्यासारखा भासतो.

नवशिक्याची पहिली फसगत होते ती बिबट्या आणि कुत्रा यांच्यात. दोघांचीही चारच बोटे उमटतात. परंतु बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो. कुत्र्याच्या बोटांपुढे नखांची टोके दिसतात. बिबट्याच्या तळव्याच्या गादीला मागील बाजूस तीन गोलाया असतात, आणि त्याचे एक बोट माणसाच्या मधल्या बोटाप्रमाणे इतरांहून थोडे पुढे असते. त्यावरून पाऊल डावे की उजवे हेही ओळखता येते. कुत्र्याच्या ठशाच्या मधोमध उभी रेघ कल्पिली, तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या भरतात. मात्र केवळ नखांवर भिस्त ठेवू नये. चिखलात पाय घसरला म्हणजे बिबट्याही नखे रोवतो, आणि कठीण जमिनीवर कुत्र्याची नखे उमटतीलच असे नाही.

म्हणून जाणता मनुष्य एका ठशावर निर्णय देत नाही. तो आजूबाजूची साक्ष काढतो. विष्ठेत केस व हाडांचे तुकडे असले तर ती मांसाहाऱ्याची. फळांच्या बियाच बिया असल्या तर बहुधा उदमांजराची. नांगरल्यासारखी उकरलेली जमीन रानडुकराचे काम सांगते, तर कुरतडलेली साल आणि जवळ पडलेला काटा साळिंदराचे. भेकराचे भुंकणे व माकडांचा कल्लोळ हीही त्याच ग्रंथाची पाने होत.

या विद्येला मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. १९६६ साली सरोज राज चौधरी यांनी वाघाचा ठसा काचेवर गिरवून त्यावरून वाघांची गणना करण्याची पद्धत काढली. ती अनेक वर्षे देशभर चालली. परंतु कागदोपत्री वाघ असलेल्या राजस्थानातील सरिस्क्यात एकही वाघ उरलेला नाही, असे २००५ साली निष्पन्न झाले. त्यानंतर स्वयंचलित कॅमेऱ्यांवर भर आला. कारण प्रत्येक वाघाचे पट्टे आणि प्रत्येक बिबट्याचे ठिपके निरनिराळे असतात. ठसा हा कोण आला आणि कोणीकडे गेला हे सांगतो; एकंदर किती आहेत, हे त्याच्याकडून वदवून घेऊ नये.

या विवेकाची गरज रानापुरतीच नाही. २०२४ च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला आणि सुमारे २५ दिवसांनी, एप्रिलमध्ये, पिंजऱ्यात सापडला. अशा दिवसांत भेदरलेल्या वस्तीला कुत्र्याचे पाऊलही बिबट्याचे वाटते. आणि खोट्या वार्तांच्या गलबल्यात खरी खूण हरवते. ठसा आढळला तर तो तुडवू नये. शेजारी एखादे नाणे ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे आणि वनखात्यास कळवावे. त्याच्या मागावर एकट्याने मात्र जाऊ नये.

याच मुलखातील वारली लोक वाघोबाला देव मानतात व वाघबारशीस त्याची पूजा करतात. शेजारी बलाढ्य आहे, त्याचा मान राखून आपण जपून राहावे, हा त्यातील व्यवहार आहे. मातीवरची अक्षरे लागू लागली, म्हणजे भयाच्या जागी हीच सावधगिरी येते.