गाणं कापा, नाव कापू नका
(मंडळाच्या सांस्कृतिक संध्येत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला आणि पोटापाण्याने राज्य शासनाचा कर्मचारी. पण ही नोकरी लागण्याआधी काही वर्षं श्यामला हिल्सवरच्या आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषक होतो. महिन्याला मोजक्या ड्यूट्या, मोजकंच मानधन. आज बोलणार आहे ते त्या दिवसांबद्दल.

आधी घरचा रेडिओ. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडं इकडे आली. इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरची हीच गोष्ट असेल. आमचे आजोबाही त्यांतलेच. तुळशीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये रात्रीची जेवणं झाली की आजी रेडिओचा काटा हळूहळू फिरवायची. दिवसा नागपूरसुद्धा धड लागायचं नाही, रात्री मात्र खरखरीतून मुंबईदेखील ऐकू यायची. मी विचारायचो, "रात्रीच का गं?" आजी म्हणायची, "दिवसा त्यांनाही कामं असतात."

पुढे डिप्लोमाला खरं कारण कळलं. दिवसा वातावरणाचा एक थर मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. कारण पटलं, पण आजीचं उत्तर अजूनही जास्त आवडतं.

जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांविषयी बोलायचं तर एका मराठी माणसाचं नाव घ्यावंच लागतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ साली ते नभोवाणी मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचा मोठा अभिमान. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोक काय करणार? त्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि घरोघरी पोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि गाणी घरी परतली. पण केसकरांना नुसती नावं ठेवू नका. सिनेगीतांची जागा भरायची म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताला बळ दिलं. त्याच काळात, १९५५ च्या रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, वर्षभर दर आठवड्याला एक असं करत ५६ गीतं. एक दार बंद झालं म्हणून घरात सगळा अंधार झाला नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता स्टुडिओ. मी गेलो तेव्हा सीडी आल्या होत्या, पण तबकड्या आणि टेपची स्पूल्सही होती. तबकडी लावायची एक रीत असते. गाण्याच्या पहिल्या सुरावर सुई ठेवायची आणि तबकडी हाताने अर्धा फेरा मागे घ्यायची. म्हणजे सूर येईपर्यंत तिला पूर्ण गती मिळते. नाहीतर लताबाईंचा आवाज आधी जांभई देतो! लाल दिवा लागला की खोकलासुद्धा गिळायचा.

एका रविवारी फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाला मी होतो. आधीचा कार्यक्रम लांबला आणि माझी दोन मिनिटं गेली. एका गाण्यासाठी नऊ पोस्टकार्डं होती, प्रत्येकावर पाच-सात नावं. मी चार कार्डं वाचली आणि "और अन्य श्रोता" म्हणून फेडर वर केला. गाणं पूर्ण वाजलं, कार्यक्रम वेळेत संपला. मी खूश.

दहा दिवसांनी सिहोर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून कार्ड आलं. तक्रार नव्हती. एका मुलाने लिहिलं होतं की वडील तीन रविवार रेडिओपाशी बसत होते. त्या दिवशी त्यांचं गाणं लागलं, शेजारीपाजारीही जमले होते, पण नाव आलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "कार्ड पोचलं नसेल. परत टाक."

कार्ड पोचलं होतं. माझ्या हातात होतं. मीच वाचलं नव्हतं.

पुढच्या ड्यूटीला तेच गाणं काढलं. या वेळी सगळी नावं वाचली, वडिलांचं सर्वांत आधी. वेळ जुळवायला शेवटचा अंतरा कापला. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला कधीच कळलं नाही. तेव्हापासून मात्र एक नियम केला : गाणं कापा, नाव कापू नका. गाणं काय, पुन्हा लागतं. झुमरी तलैयाचं नाव देशभर झालं ते तिथल्या लोकांनी सारख्या फर्माइशी पाठवल्या म्हणून. गाण्याआधी आपलं नाव हवेतून यावं, ही त्यांचीही हौस असणारच.

आमची आजी तशीच. माझी ड्यूटी असली की रेडिओपाशी बसायची. सुरुवातीला मी माझं नाव सांगितलं की रेडिओ बंद करून कुकर लावायला जायची. गाण्यांशी तिला देणंघेणं नव्हतं.

आज फोनमध्ये हवं ते गाणं हव्या त्या क्षणी मिळतं. मीही ऐकतो, उगाच रडगाणं गात नाही. पण तो फोन कुणाचं नाव घेत नाही, आणि वाट बघायला कुणी शेजारी जमत नाही. अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, तेव्हा 'बहनों और भाइयों' ही साद पुन्हा आठवली. ती हजारोंना घातलेली असूनही प्रत्येकाला आपल्यालाच वाटायची.

म्हणून मंडळाला एक विनंती. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या मांडवातून अर्धा तास 'आपली आवड' करूया. कागदावर गाणं लिहा आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावं लिहा. जे आता नाहीत त्यांचीही, आणि आपण ज्या गावाहून इथे आलो त्या गावाचंही. वाचायला मी आहे. वेळ कमी पडला तर अंतरा कापीन, पण नाव एकही सुटणार नाही.

मोरया!