एका भाकरीसाठी चूल

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, म्हणून थेट गाऱ्हाण्यापासूनच सुरुवात करतो. कोरियाला जाऊन आलेली आपली मंडळी सांगतात, 'सोलमध्ये एकटाच जेवायला गेलो, तर दारातूनच परत पाठवलं. परदेशी म्हणून!' परदेशी म्हणून नव्हे हो, एकटे म्हणून.

मलाही असंच परत पाठवलं होतं. मालकीणबाईंनी एक बोट वर केलं आणि मान हलवली. मी धुसफुसत बाहेर थांबलो. पाठोपाठ एक कोरियन विद्यार्थीही तसाच परत आला, तेव्हा कुठे डोकं शांत झालं.

साम्ग्योप्साल किंवा ताक्काल्बी, म्हणजे टेबलावरच शिजवायचं मांस, खायचं तर किमान दोघांपुरतं मागवावं लागतं, तसं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलंच असतं. आता मला सांगा, आपल्याकडे एका भाकरीसाठी कुणी चूल पेटवतं का? धूर तेवढाच, तवा तापायला वेळ तेवढाच, परात खरकटी व्हायची ती होतेच, राखही काढावी लागते. तिथे टेबलातच शेगडी. भोवती किमची, मुळा, मोड आलेल्या सोयाबीनची भाजी, अशा बानछानच्या, म्हणजे तोंडीलावण्यांच्या, वाट्या. त्यांचे वेगळे पैसे नाहीत, आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात. जेवणारा एक असला तरी चौघांचं टेबल अडतंच. बाईंनी चूल कशाला पेटवावी?

मग एकट्याने काय करायचं? कढत रश्शात भात घातलेलं गुक्बाप घ्यायचं. तिथे चूल आधीच पेटलेली असते! रस्सा उकळतोच आहे, त्यातला एक वाडगा तुमचा. पाणी बहुधा आपलं आपण आणायचं, चमचा आणि काड्या टेबलाच्या खणात सापडतात.

एकट्याच्या जेवणाला तिथे 'होनबाप' म्हणतात. यातला 'बाप' म्हणजे भात, वडिलांचा संबंध नाही. आज तिथल्या तीनांतल्या एकाहून जास्त घरांत एकच माणूस राहतो, त्यामुळे होनबापची सोय वाढते आहे. पण घरच्या माणसांसाठी त्यांचा जुना शब्द 'शिक्कू', म्हणजे अक्षरशः खाणारी तोंडं. आपली आजीही तेच म्हणायची ना, घरात खाणारी तोंडं किती? ज्या भाषेत घर तोंडांवर मोजतात, तिथे एकटं तोंड... असो, काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे.

पुन्हा सांगतो, एकटे म्हणून, परदेशी म्हणून नव्हे. दारात एक बोट वर करा, 'हन म्यंग', म्हणजे 'एक जण', म्हणा. नकार आला तर तोंड पाडू नका, पुढचं गुक्बापचं दुकान शोधा.