सांध्यातले खडे

मंडळी, मुतखडा तुम्हांला ठाऊक आहे. सांध्यातही खडे होतात. ते इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

आमच्या दादांचा पायाचा अंगठा एका रात्री सुजला. लालबुंद झाला. चादर लागली तरी ते ओरडत. आम्हांला वाटलं, विंचू चावला. डॉक्टर म्हणाले, "हा गाऊट."

रक्तात युरिक ऍसिड नावाचं द्रव्य असतं. मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. ते फार साठलं तर? काकवी बरणीत बरेच दिवस ठेवली, की तळाशी साखर बसते ना? तसे सांध्यात खडे बसतात. सुईसारखे टोकदार. पायाचा अंगठा बाकीच्या अंगापेक्षा थंड, म्हणून बहुधा तिथं आधी. दारूनं हे दुखणं वाढतं. दादांना रोजची गोळी लागली. ती ते नेमानं घेतात. आता ठणका येत नाही.

पुढं माझा गुडघा सुजला. वय ६६. मी काय केलं? दादांच्याच गोळ्या खाल्ल्या. जन्मभर मुलांना शिकवलं, आणि हे शहाणपण! दहा दिवसांनी सूज उतरली. मला वाटलं, गोळीचा गुण. दोन महिन्यांनी पुन्हा सुजला. वर अंगभर पुरळ उठलं. तालुक्याचे डॉक्टर रागावले. म्हणाले, "मास्तर, या गोळीच्या पुरळानं माणसं दगावतात. आधी ती बंद करा."

त्यांनी मला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सुया नव्हत्या. आखूड, विटेसारखे खडे होते. ते कॅल्शियमचे. म्हातारपणी गुडघ्यात, मनगटात ते होतात. हे दोन खडे वेगळे, हे अमेरिकेत डॉक्टर मॅकार्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६१-६२ साली दाखवलं. कॅल्शियमचे खडे विरघळवणारी गोळी अजून निघालेली नाही. पाणी काढून सांध्यात इंजेक्शन दिलं, विश्रांती सांगितली. सूज आपोआपही उतरते. मी फसलो तो इथंच.

आपल्या कर्जत तालुक्यापलीकडं, भीमेच्या पैलतीराला भिगवण आहे. तिथं १९९६ साली पुण्याचे डॉक्टर अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघर जाऊन चार हजारांवर माणसांना विचारलं. कंबर, गुडघे दुखणारे पुष्कळ निघाले. गाऊटचे अगदी थोडे. तेव्हा सुजलेल्या प्रत्येक सांध्याला गाऊट म्हणू नका, आणि वात म्हणून घरीही बसू नका.

सांधा तापला आणि अंगातही ताप असला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात पू झाला तर तो थोड्या दिवसांत कायमचा निकामी होतो. घरात असतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून बरोबर न्या, दुसऱ्याच्या खाल्ल्या असतील त्याही. मी माझी पिशवी उघडायला लाजलो होतो.