मेंदूभोंवतींचा आपोआप होणारा रक्तस्राव

डोक्यास मार लागला नसतांही कवटीच्या आंत रक्त सांडतें, हें पुष्कळांना खरें वाटत नाहीं. मेंदूच्या तळाशीं रोहिण्यांचें एक कडें आहे. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनीं १६६४ सालीं त्याचें वर्णन केलें. तेथें रोहिणीस फांटा फुटतो त्या जागीं तिची भिंत दुबळी होऊन कधीं कधीं लहानसा फुगा येतो. कित्येकांचा तो जन्मभर मुकाच राहतो. पण फुटला तर मेंदूच्या आवरणांखालीं रक्त पसरतें. अशा रक्तस्रावांपैकीं शेंकडा सुमारें ८५ या फुग्यापायींच होतात. इतर कांहींचें मूळ रोहिण्या व नीला यांच्या विकृत गुंत्यांत असतें. कांहींचें कारण सांपडतच नाहीं. विडीसिगारेट आणि वाढलेला रक्तदाब हे फुग्याचे पोशिंदे. तंबाखूचा हा अपराध फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं!

वीज पडावी तशी क्षणांत पराकोटीस जाणारी डोकेदुखी ही फुटल्याची खूण. तिला पित्त समजून सुंठेचा लेप लावीत बसूं नये. १९३७ सालीं अमेरिकेंत वॉल्टर डँडी यांनीं कवटी उघडून अशा फुग्याच्या मानेस चिमटा लावला. आतां मांडीच्या रोहिणींतून नळी नेऊन त्यांत प्लॅटिनमचीं वेटोळीं भरतां येतात. मात्र फुगा पुन्हां फुटण्याचें भय पहिल्या चोवीस तासांतच सर्वांत अधिक असतें.